वंचित वस्त्यांतील मुलांसाठी शिक्षकांचे प्रशिक्षण : मुंबईतील शाळांनी ते कसे आखावे

गोवंडीचे शिवाजीनगर आणि बैंगनवाडी, मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, धारावी, मालवणी अशा भागांतील शाळांत शिकवणाऱ्या शिक्षकांना प्रशिक्षणे नवी नाहीत. त्यांपैकी बरीचशी एका सभागृहात, एका दिवसात, पाहुण्यांच्या भाषणांवर उरकतात. शिक्षक प्रमाणपत्र घेऊन परततात, आणि दुसऱ्या दिवशी उशिरा आलेली मुलगी पूर्वीसारखीच वर्गाच्या दाराबाहेर उभी राहते. याचा दोष शिक्षकांना देणे अन्यायाचे आहे, कारण त्या मुलीला उशीर का होतो हे कसे शोधावे आणि शोधल्यावर नेमके काय करावे, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

हा लेख मुख्याध्यापक, विभाग निरीक्षक, संस्थांचे कार्यकर्ते आणि आपल्याच शाळेत असे प्रशिक्षण उभे करू पाहणारे शिक्षक यांच्यासाठी आहे. मुलाच्या वागण्याचा अर्थ लावण्याची शिक्षकाची सवय बदलणे हा अशा प्रशिक्षणाचा गाभा असावा, आणि त्याला दोन दिवसांची कार्यशाळा पुरत नाही, निदान एक पूर्ण शैक्षणिक सत्र लागते, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व पायऱ्या याच मतातून आल्या आहेत.

प्रशिक्षणाआधीचा महिना

आखणीची सुरुवात हजेरीपत्रकापासून करावी. महिनाअखेरीस काढलेली एकूण उपस्थितीची बेरीज बाजूला ठेवून एकेका मुलाची ओळ आडवी वाचावी. एका वर्गाचे हजेरीपत्रक असे वाचताना आढळले की चौथीतील एक मुलगी आठवड्यातील ठरावीक दोन दिवशीच गैरहजर असते. चौकशीत कळले की त्या दिवशी गल्लीत पाण्याचा टँकर येतो, आई पहाटेच घरकामाला गेलेली असते आणि हंडे भरण्याची जबाबदारी हिची असते. त्याच वर्गातील एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर दिसतच नसे, कारण त्या वेळी धाकट्या भावाची बालवाडी सुटायची आणि त्याला घरी नेऊन सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. दोघांच्याही नावापुढे वर्षभर ‘अनियमित’ असा एकच शेरा होता. प्रत्येक सहभागी शिक्षकाने आपल्या वर्गातील पाच मुलांच्या ओळी अशा वाचून, त्यांची नोंद बरोबर घेऊनच प्रशिक्षणाला यावे. या नोंदी हेच प्रशिक्षणाचे पहिले पाठ्यसाहित्य.

यानंतर वस्तीफेरी. मुंबई मानव विकास अहवाल 2009 मध्ये महापालिकेच्या सर्व विभागांत गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग तळाला होता, हे वाक्य भाषणात वाचून दाखवल्याने शिक्षकाच्या हाती काही लागत नाही. देवनारच्या कचराभूमीलगतच्या गल्लीतून तो सकाळी सातला चालत गेला, सार्वजनिक शौचालयापुढची रांग पाहिली, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात आणि गृहपाठाची वही ठेवायला कोरडी जागा नाही हे पाहिले, म्हणजे अहवालातला आकडा त्याला समजतो. फेरीला तीन-चार शिक्षकांनी मिळून जावे आणि वस्तीतील अंगणवाडी सेविका किंवा आरोग्य सेविका बरोबर असावी. कोणाच्याही घराचे किंवा मुलाचे छायाचित्र काढू नये, आणि कोणी आपणहून बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडू नये. तिथले लोक म्हणजे प्रेक्षणीय वस्तू नव्हेत, ही जाणीव आयोजकांनी आधीच करून द्यावी.

आपल्याकडे ही वाट जुनी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा बालवाडीत न येणाऱ्या मुलांना दोष देत बसण्याऐवजी त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडीची कल्पना आकाराला आली आणि पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही झाली. मूल येत नसेल तर व्यवस्थेने एक पाऊल पुढे यावे हा त्यामागचा विचार मुंबईच्या वस्तीतही तितकाच लागू पडतो.

गट कोणाचा असावा

एकमेकांना लागून असलेल्या तीन-चार शाळांतील वीस ते पंचवीस शिक्षक हा योग्य आकार. एका शाळेतून निदान दोघे जण असावेत, म्हणजे परत गेल्यावर कोणी एकटा पडत नाही. मुख्याध्यापक पूर्णवेळ हजर नसतील तर प्रशिक्षण पुढे ढकललेले बरे, कारण वर्गातील बदलाला परवानगी लागते आणि ती देणाऱ्याने तो विचार ऐकलेला असावा लागतो. बालवाडी शिक्षिका, शिपाई, खिचडी वाढणाऱ्या ताई यांना एका सत्राला आवर्जून बोलवावे. कोणत्या मुलाने दोन दिवस काही खाल्लेले दिसत नाही, हे अनेकदा त्यांनाच आधी कळते. निवडणुकीची कामे आणि परीक्षा टाळून तारखा ठरवाव्यात.

पहिला दिवस : पाहिलेले आणि समजलेले

पहिल्या दिवशी व्याख्यान ठेवू नये. फळ्याचे दोन भाग करावेत. एकावर ‘मी काय पाहिले’ आणि दुसऱ्यावर ‘मी काय समजलो’ असे लिहावे. मग शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकू येणारी वाक्ये मागावीत. ‘या पालकांना शिक्षणाचे काही पडलेले नाही’, ‘ही मुले खोटे बोलतात’, ‘याला कितीही सांगा, डोक्यात शिरत नाही’ अशी वाक्ये येतील. ती खोडायची नाहीत, प्रत्येक वाक्य योग्य रकान्यात लिहायचे. मग विचारायचे, ‘पालकांना काही पडलेले नाही, हे आपण नेमके काय पाहून म्हणतो?’ उत्तर बहुधा असे येते, की सभेला कोणी आले नाही. म्हणजे पाहिले एवढेच, की मंगळवारी सकाळी अकरा वाजता पालक आले नाहीत. त्या वेळी नाक्यावर काम मिळवायला उभा असलेला बिगारी किंवा चार घरची धुणी-भांडी करणारी आई कुठे असेल, हे शिक्षक मग आपणच सांगू लागतात. या व्यायामाला दोन तास द्यावेत. घाई केली तर शिक्षकांना आपल्यावर आरोप होतो आहे असे वाटते आणि उरलेले प्रशिक्षण त्या रागात वाया जाते.

याच सत्रात जातीचा आणि समाजाचा विषय उघडपणे घ्यावा. तो टाळणारे प्रशिक्षण अर्धवट आहे. सिग्नलवर गजरे विकणाऱ्या पारधी कुटुंबातील मुलगा वर्गात असेल आणि एखाद्याची पेन्सिलपेटी हरवली, तर सगळ्यांच्या नजरा आधी कोणाकडे वळतात, हा प्रश्न थेट विचारावा. ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो शिक्का 31 ऑगस्ट 1952 रोजी कायद्याने पुसला गेला, पण वर्गातल्या नजरांमधून तो अजून गेलेला नाही. पेटी हरवली तर कोणाचेही दप्तर सर्वांसमोर तपासायचे नाही, असा नियम गटाने तिथेच ठरवावा. तसेच शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना जातींची नावे मोठ्याने पुकारायची नाहीत, आणि स्वच्छतेची कामे वाटताना तीच ती मुले निवडली जात नाहीत ना हे पाहायचे.

घरची भाषा, शाळेची भाषा

मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमीळ, तेलुगू आणि कन्नड. तरीही मुलाच्या घरची भाषा या आठांत असतेच असे नाही. हिंदी माध्यमातील मूल घरी भोजपुरी किंवा अवधी बोलते, मराठी माध्यमातील मूल वडारी, पारधी किंवा गोरमाटी बोलते. असे मूल पहिलीत गप्प बसते आणि त्याचे गप्प बसणे मंदपणात मोजले जाते. शिक्षकांना एक छोटे काम द्यावे: वर्गातील प्रत्येक मुलाच्या घरच्या भाषेतील दहा शब्द, म्हणजे पाणी, भाकरी, आई, इकडे ये, दुखते आहे असे, मुलांकडूनच शिकून भिंतीवर लावायचे. पहिले काही आठवडे मुलाने घरच्या भाषेत उत्तर दिले तरी ते उत्तर म्हणून स्वीकारायचे आणि मग शाळेच्या भाषेत तेच वाक्य म्हणून दाखवायचे. ‘नीट बोल’ ही सूचना मात्र वर्गातून हद्दपार करावी.

वय पाचवीचे, वाचन पहिलीचे

शिक्षकांची सर्वांत खरी अडचण इथे आहे, म्हणून प्रशिक्षणाचा मोठा वाटा इथे खर्च करावा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम 4 नुसार शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. प्रत्यक्षात प्रवेश होतो आणि विशेष प्रशिक्षण कागदावर राहते. दहा वर्षांचा मुलगा पाचवीत बसतो, त्याला जोडाक्षरे येत नाहीत, शिक्षकापुढे अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे ओझे असते आणि दोघेही एकमेकांना टाळू लागतात.

यावरची एक पद्धत मुंबईतच घडली. 1990 च्या दशकाच्या मध्यात येथील वस्त्यांतून काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गटांत बसवून शिकवण्याची रीत रुजवली. ती प्रशिक्षणात करूनच दाखवावी, सांगून भागत नाही. प्रत्येक शिक्षकाने एका मुलाला शेजारी बसवून आधी छोटा परिच्छेद वाचायला द्यावा. जमला तर गोष्ट, नाही जमला तर साधे शब्द, तेही अडले तर अक्षरे. एका मुलाला काही मिनिटेच लागतात आणि ती चाचणी आहे असे मुलाला वाटता कामा नये. मग रोज एक तास तिसरी ते पाचवीची मुले एकत्र करून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट असे गट करावेत आणि एकेका शिक्षकाने एकेक गट घ्यावा. अक्षर गट सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे द्यावा. बहुतेक शाळा तो नवख्याला देतात आणि तिथेच घोटाळा होतो. गटांना ‘हुशार’, ‘कच्चा’ अशी नावे अजिबात नकोत. दर महिन्याला पुन्हा पातळी पाहून मुले पुढच्या गटात जातील, याची काळजी घ्यावी, नाहीतर गट म्हणजेच नवी वर्णव्यवस्था होते.

शिक्षा नाही, तर मग काय

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली आहे. हे बहुतेक शिक्षकांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते त्या जागी काय करायचे हे. म्हणून इथे प्रसंग उभे करून सराव घ्यावा. एक शिक्षक मूल होतो, दुसरा शिक्षकच राहतो. मूल पाऊण तास उशिरा आले आहे. पहिल्या फेरीत शिक्षक नेहमीसारखे बोलतो: ‘ही काय वेळ झाली? रोजचेच झाले आहे तुझे!’ दुसऱ्या फेरीत तो म्हणतो, ‘आलीस ते बरे झाले. जागेवर बस, मधल्या सुट्टीत माझ्याशी दोन मिनिटे बोल.’ मग मूल झालेल्या शिक्षकाला दोन्ही वेळा काय वाटले, ते विचारावे. दुसऱ्या वाक्याने शिस्त ढिली होईल, ही शंका हटकून निघते. तिचे उत्तर त्या दोन मिनिटांत आहे: तिथे कारण समजते, उपाय ठरतो आणि तो पाळण्याची जबाबदारी मुलावरही येते. ती दोन मिनिटे शिक्षकाने विसरली, तर मात्र शंका खरी ठरते.

मारामारी करणाऱ्या मुलासाठीही असाच सराव घ्यावा. घर पाडले गेले, वडील तुरुंगात गेले किंवा रात्री घरात मारहाण झाली, तर मूल ते शब्दांत सांगत नाही. ते शेजारच्याला बुक्की मारते किंवा बाकावर डोके ठेवून झोपते. झोपलेल्या मुलाला उठवण्याआधी रात्री तो कुठे होता, हे जाणून घेतले पाहिजे. कामाठीपुऱ्यातील देहविक्रीच्या वस्तीतल्या मुलांसाठी ‘प्रेरणा’ संस्थेने 1980 च्या दशकातच रात्रीचे निवारा केंद्र सुरू केले, कारण त्या मुलांची सकाळची शाळा टिकायची तर आधी त्यांची रात्र सुरक्षित असायला हवी होती.

मूल काही सांगू लागले तर

हे सत्र वकील किंवा समुपदेशक यांच्या मदतीने घ्यावे, पण शिक्षकाने करायच्या गोष्टी प्रत्येकाला तोंडपाठ असाव्यात. लैंगिक अत्याचाराबद्दल मूल काही सांगू लागले, तर शांतपणे ऐकावे, ‘तुझी चूक नाही, सांगितलेस ते चांगले केलेस’ एवढे म्हणावे, आणि ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मुळीच देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. खोदून प्रश्न विचारू नयेत. मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख व वेळेसह लिहून ठेवावेत.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अशी माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणे बंधनकारक आहे. माहिती दडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि आपल्या हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. शाळेने स्वतः तपास करायचा नाही, आरोपीला बोलावून समोरासमोर बसवायचे नाही, ‘आपसात मिटवायचे’ नाही आणि मुलाचे नाव शिक्षकांच्या खोलीतही घ्यायचे नाही. मूल निराधार असेल किंवा घरीच धोका असेल तर प्रकरण बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी प्रत्येक वर्गात मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेली असावी. मुख्याध्यापकांच्या दालनात टांगलेल्या फलकाचा मुलांना उपयोग नाही.

कागदपत्रांची भिंत

इथे थोडक्यात, कारण नियम स्पष्ट आहेत आणि ते फक्त पाळायचे आहेत. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, कलम 14), दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही (त्याच कायद्याचे कलम 5), आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या निकालानुसार शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. गावी ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलांना शिक्षण हमी कार्ड देता येते, म्हणजे ते दाखवून तिथल्या शाळेत बसता येते. शाळेच्या कार्यालयात बसणाऱ्या लिपिकालाही या सत्राला बोलवावे, कारण शाळेच्या दारात पालकाची पहिली गाठ त्याच्याशीच पडते.

पालकांशी बोलणे

पालकसभेची वेळ पालकांना विचारून ठरवावी. बऱ्याच वस्त्यांत रविवार सकाळ किंवा संध्याकाळी साडेसातनंतरची वेळ चालते. शाळेपेक्षा वस्तीतील समाजमंदिर किंवा मदरशाचे अंगण जवळचे वाटत असेल, तर सभा तिथे घ्यावी. सभेत मुलाची तक्रार सर्वांसमोर करू नये. गृहभेटीत पहिले वाक्य मुलाच्या एखाद्या चांगल्या गोष्टीचे असावे, आणि ते खरे असावे: ‘ताई, तुमच्या सलमाचे हस्ताक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर आहे.’ शाळेकडून आलेल्या माणसाच्या तोंडून चांगले काही ऐकण्याची सवय अनेक आयांना नसते आणि पुढचे बोलणे त्यानंतर फार सोपे होते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, अशी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 ची अट आहे. ती सह्यांपुरती उरू नये, म्हणून इतिवृत्त मराठीत आणि हिंदीत मोठ्याने वाचून दाखवावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही मग त्यावर बोलता येते. ‘मुक्तांगण’ या उपक्रमात 2003 पासून वस्तीतीलच स्त्रियांना शिक्षिका म्हणून घडवले जाते आणि त्या महापालिकेच्या शाळांत शिकवतात. प्रत्येक शाळेला एवढे जमणार नाही, पण वस्तीतील एखादी बारावी झालेली तरुणी वर्गसहायक म्हणून आली, तरी घर आणि शाळा यांतले अंतर बरेच कमी होते.

प्रशिक्षणानंतरचे सत्र

खरे प्रशिक्षण इथे सुरू होते. प्रत्येक शिक्षकाने एकच बदल निवडावा: कोणी उशिराच्या दोन मिनिटांचा, कोणी भिंतीवरच्या शब्दांचा, कोणी रोजच्या वाचन तासाचा. एकदम पाच गोष्टी घेणारा महिन्याभरात सगळ्या सोडतो. दर पंधरा दिवसांनी प्रशिक्षकाने किंवा सोबतच्या शाळेतील शिक्षकाने अर्धा तास वर्गात मागे बसून पाहावे आणि नंतर दोनच गोष्टी सांगाव्यात: काय जमले आणि पुढच्या वेळी काय करून पाहता येईल. हे निरीक्षण गोपनीय अहवालात जाणार नाही, याची लेखी हमी मुख्याध्यापकांनी द्यावी. ती नसेल तर शिक्षक त्या अर्ध्या तासापुरता नटवलेला पाठ दाखवतील. महिन्यातून एकदा सर्वांनी जमून एका मुलाबद्दल बोलावे, त्याचे नाव बदलून. व्हॉट्सअॅप गट चालेल, पण त्यावर मुलांची छायाचित्रे आणि घरची माहिती टाकायची नाही.

शिक्षकांचा थकवाही याच बैठकांत बोलला जावा. एका वर्गात पन्नास मुले, त्यातल्या दहांच्या घरी रोजचे संकट, वर ऑनलाइन माहिती भरण्याची घाई, अशा स्थितीत संवेदनशील राहा असे नुसते सांगणे क्रूरपणाचे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सुचवला आहे. या बैठका आणि वर्गभेटी त्यात धरल्या जाव्यात, अशी मागणी शाळांनी लावून धरावी, म्हणजे हे काम वेठबिगारीचे राहणार नाही.

फलित मोजताना प्रशिक्षण कसे वाटले, याचा अभिप्राय पुरेसा मानू नये. सुरुवातीला वाचलेल्या त्याच पाच मुलांच्या हजेरीच्या ओळी सत्राअखेरीस पुन्हा वाचाव्यात, त्यांची वाचनपातळी पाहावी आणि त्यांच्याशी बोलावे.

शेवटची पायरी एप्रिलमध्ये येते आणि तीच बहुधा राहून जाते. मुलगी सातवी किंवा आठवीनंतर दुसऱ्या शाळेत जाणार असेल, तर जुन्या शिक्षिकेने नव्या शाळेतील शिक्षिकेला एकदा भेटावे, मुलीच्या संमतीने तिच्या गरजा एका पानावर लिहून द्याव्यात आणि तिला बरोबर घेऊन जाऊन नवा वर्ग दाखवावा. जूनमध्ये गावाहून परतायला कुटुंबाला उशीर झाला तरी तिची जागा राखून ठेवली जाईल, हे नव्या मुख्याध्यापकांकडून तेव्हाच लेखी घ्यावे, आणि शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात ती वर्गात आली का, हे फोन करून विचारावे. आली नसेल, तर त्याच संध्याकाळी तिच्या घरी जावे.